सटाण्याला गाडी दाखवायला

सटाण्याला सहलीला कोणी जात नाही. लोक तिकडे लग्नाला जातात, दहाव्याला जातात, डाळिंबाचा सौदा करायला जातात. मी दिवाळीच्या सुट्टीत जाऊन आले ती गाडी दाखवायला. पूर्वी मुलगी दाखवायचे तशी. चालवून दाखवली, उजेडात उभी करून दाखवली, अंगावर पाणी ओतून दाखवली. सोबत होते जावई, आणि घरच्यांनी दिलेल्या सूचना.

मी सायखेड्याच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. घर नाशकात, अंबडच्या कारखान्यांपासून हाकेच्या अंतरावर. रोज स्वतः गाडी चालवत जाते आणि येते. गाडी लहानशी, शाईच्या निळ्या रंगाची. तिच्यावर दीड वर्षापूर्वी आमच्या जावयांनी, म्हणजे वैभवरावांनी, सिरॅमिक कोटिंग केलं.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अत्तराच्या कुपीएवढ्या बाटलीतून थेंब थेंब काढून ते गाडीभर पुसतात. वाळलं की रंगावर काचेसारखा कडक थर तयार होतो. धूळ चिकटत नाही, पाणी टिकत नाही. थर इतका पातळ की डोळ्यांना दिसत नाही. "आई, दिसत नाही, पण असतो," असं वैभवराव मला म्हणाले. माझ्या सासूबाई देवाबद्दल हेच म्हणायच्या, त्यामुळे मी वाद घातला नाही.

वैभवराव सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला. सुट्टीच्या दिवशी अंबडला एका भाड्याच्या शेडमध्ये लोकांच्या गाड्यांना कोटिंग करून देतात. हात चांगला आहे, गिऱ्हाइकं वाढली आहेत. आणि हात चांगला असलेल्या माणसाला नोकरी जाचायला लागते, तसं त्यांचं झालं होतं.

अशात सटाण्याकडून एक फोन आला. दगाआप्पा म्हणून एक डाळिंबवाले. स्वतःची नवी काळी मोठी गाडी, भावांच्या, पुतण्यांच्या मिळून घरात पाच-सहा गाड्या. सगळ्यांना कोटिंग करायचा विचार होता. अट एकच. "फोटो नको, शोरूममधली गाडी नको. रोज वापरातली, वर्षभर जुनी झालेली गाडी घेऊन या. बघतो आणि सांगतो."

अट ऐकायला सोपी होती. पण वैभवरावांच्या बहुतेक गिऱ्हाइकांनी कोटिंग केल्यापासून गाडी बाहेर काढणंच कमी केलं होतं. एकाने तर वरून कापडाचं कव्हर शिवून घेतलं होतं. खरोखर रोज धूळ खाणारी अशी एकच गाडी त्यांच्या यादीत होती, ती माझी.

निघायच्या आदल्या दिवशी लेकीचा, अश्विनीचा फोन आला.

"आई, तू जातेयस ते बरंच आहे. हे काम मिळालं तर वैभव नोकरी सोडणार आहे. ठरवूनच बसलाय. रस्त्यात त्याला समजाव."

"मी?"

"माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल. तू सासू आहेस."

सासूचं जावई ऐकतो हा समज कुठून आला मला माहीत नाही. आमचे हे निवृत्त होईपर्यंत माझ्या आईसमोर नुसती मान हलवायचे आणि घरी येऊन स्वतःच्या मनासारखं करायचे. पण मी हो म्हटलं. अशा रीतीने मी एकाच गाडीत जावयाची साक्षीदार म्हणून आणि लेकीची वकील म्हणून बसले. गाडी चालवणारीही मीच, कारण माझी गाडी मी कोणाला देत नाही.

पिंपळगावच्या पुढे

वैभवराव सकाळी आले ते दोन पिशव्या घेऊन. एकीत कपडे होते, दुसरीत बाटल्या आणि मऊ फडकी. कपड्यांची पिशवी मागे टाकली, बाटल्यांची मांडीवर घेतली. दिवाळीच्या धामधुमीत गाडी धुवायला त्यांना जमलं नव्हतं. ती मीच आदल्या दिवशी बोअरच्या पाण्याने धुतली होती. हे ऐकून त्यांनी डोळे मिटले.

"आई, बोअरचं क्षाराचं पाणी तसंच वाळू दिलं का?"

"उन्हाने वाळलं. मी फक्त पाहत होते."

त्यांनी वरवर फडकं फिरवलं आणि आम्ही निघालो. पिंपळगाव सुटलं. पुढे कांद्याचे ट्रॅक्टर लागले. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, मागून पात आणि माती उधळत चाललेले. मी नेहमीच्या सवयीने ओव्हरटेक करायला गेले.

"आई, अंतर ठेवा ना. खडा उडतो."

"कोटिंग आहे ना?"

"खड्याला कोटिंग काय करणार?"

"मग कशाला काय करतं?"

हा प्रश्न मी उपहासाने विचारला होता. त्यांना तो खरा वाटला, आणि वडाळीभोई येईपर्यंत त्यांनी मला तो थर कसा बसतो, कशाने झिजतो, कशाने गुदमरतो हे सांगितलं. गुदमरतो हा शब्द त्यांचाच. थर जिवंत असतो पण वर मळ बसला की त्याचं काम बंद पडतं, असं ते म्हणाले. मी तीस वर्षं मुलांना शिकवलं आहे. एखादा आपल्या विषयावर असा बोलायला लागला की मला ते लगेच कळतं. इतकं आवडणारं काम सोडा असं याला कसं सांगायचं, हा विचार करत मी सोग्रस फाट्यावरून आत वळले.

रस्त्याच्या कडेने मक्याचे पिवळे पट्टे वाळत घातलेले. आमच्या सायखेड्याकडे सोयाबीन असंच घालतात, पण निदान अर्धा रस्ता सोडतात. इथे गाडीने मक्याला वाट द्यायची अशी पद्धत दिसली. मळणीयंत्र चालू होतं आणि त्याचा भुसा हवेत उडत होता. निळी गाडी पाहता पाहता पिवळसर झाली. वैभवराव खिडकीतून बघत होते. "भुशाचं काही नाही. भुसा उडून जातो," असं स्वतःशीच म्हणाले.

भावडबारीत रस्त्याचं काम चालू होतं. ताजं डांबर, वर बारीक खडी. डांबर दिसताच वैभवराव दार उघडून खाली उतरले आणि गाडीच्या पुढे चालू लागले. हात वर करून, हळू, डावीकडे, आता उजवीकडे, अशा खुणा करत. विमानतळावर विमानाला वाट दाखवतात तसं. मागे ट्रक, दुधाचा टेम्पो, एक एसटी, सगळे हॉर्न वाजवत होते. एसटीच्या ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून विचारलं, "ओ भाऊ, आत पेशंट हाये का?"

वैभवरावांनी मागे वळून न पाहता सांगितलं, "सासूबाई आहेत!"

मग हॉर्न थांबले. कशामुळे, याचा मी अजून विचार करते आहे.

देवळ्याचा चहा

इतकं जपूनही दारांच्या खालच्या बाजूला डांबराचे ठिपके आलेच. देवळ्याला चहाला थांबलो तशी वैभवरावांनी पिशवी उघडली. ते डांबर काढायची बाटली शोधत होते तेवढ्यात हॉटेलवाला आतून पाइप घेऊन आला. "मावशी, गाडी लय घाण झालीय. मारतो पाणी. काय पैसे नाय लागत." आणि आमचं काही ऐकायच्या आत त्याने टपापासून चाकापर्यंत पाण्याचा फवारा सोडला.

हे बोअरचं पाणी, म्हणून वैभवराव किंचाळणार, इतक्यात चहा पिणारी चार माणसं उठून आली. कारण बॉनेटवर पाणी ठरत नव्हतं. गोळे होऊन पळत होतं. काचेच्या गोट्या सांडाव्यात तसं. "अरे, हे काय?" "मेण लावलं का?" वैभवरावांचा चेहरा उजळला. किंचाळायचं विसरून त्यांनी हॉटेलवाल्याच्या हातातला पाइप घेतला आणि बॉनेट, टप, मागची डिकी, सगळीकडे पाणी पळवून दाखवलं. लोक माना डोलवत होते. मीही चहाचा कप हातात धरून, जणू गाडी मीच घासली आहे, अशी उभी होते.

मग त्यांनी पाइप दाराकडे वळवला.

दारावर पाणी पळालं नाही. चादर अंथरल्यासारखं पसरलं आणि तसंच राहिलं. त्यांनी दुसऱ्या दारावर मारलं. तेच. पलीकडच्या बाजूला गेले. तिथेही तेच. बघणाऱ्यांपैकी एक म्हणाला, "इकडं लावायचं राहिलं वाटतं," आणि सगळे परत चहाकडे गेले.

वैभवराव फडकं घेऊन दार पुसत बसले. पुसून झालं तरी पुसत होते. मी चहा त्यांच्याजवळ नेऊन ठेवला.

"आई, तुम्हाला हे कधीपासून दिसतंय?"

"पावसाळ्यापासून. मला वाटलं, असंच असतं."

"तीन वर्षं टिकतं असं मी सगळ्यांना सांगितलंय. सगळ्यांना." त्यांनी चहा घेतला नाही. "परत फिरू या. आप्पांना फोन करून सांगतो, गाडी बंद पडली."

आता खरं तर माझं काम झालं होतं. लेकीने सांगितलेलं मला काही बोलावंच लागलं नसतं. गाडी वळवायची, घरी जायचं, सोमवारी ते मुकाट्याने सातपूरला कामाला जातील. मी अश्विनीला फोन करून "समजावलं" म्हणाले असते. इतकं आयतं यश मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं.

पण तो मुलगा दारासमोर उकिडवा बसला होता, आणि परीक्षेच्या हॉलबाहेरून घरी पळणारी मुलं मी इतकी वर्षं दंडाला धरून आत नेऊन बसवली आहेत. सवय वाईट असते.

"वैभवराव, पेपर हातात यायच्या आधी नापास कसे होता? बसा गाडीत."

"पण आप्पा दारावर पाणी मारतील."

"मारू देत. चहा घ्या आधी. गार होतोय."

दगाआप्पांचा मळा

आप्पांचं गाव सटाण्याच्या थोडं पुढे. आत वळल्यावर दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा, झाडांवर पांढरी कापडं घातलेली, ऊन लागू नये म्हणून. मळ्यात जायची वाट अरुंद आणि दोन्ही बाजूंना बाभळी. फांद्या गाडीला घासत होत्या. प्रत्येक घासण्यासरशी वैभवराव श्वास आत ओढत होते. त्यांच्याकडे पाहून मला अश्विनीच्या जन्माची वेळ आठवली. तेव्हा बाहेर आमचे हे असेच बसले होते म्हणे.

आप्पा ओट्यावर बसलेले. साठीचे, उंच, पांढरा शर्ट. घरात ते अहिराणी बोलतात, पाहुण्यांशी निम्मी मराठी. नाव दगा का ठेवलं असेल, याचा विचार वैभवराव फोन आल्यापासून करत होते. ते मैनाबाईंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोने, आल्या आल्या सांगून टाकलं. आधीची मुलं जगली नाहीत, म्हणून आईने या मुलाचं नाव वाईट ठेवलं. मृत्यूची नजर लागू नये म्हणून. "नाव दगा शे, पन मानूस तसा नही," त्या म्हणाल्या.

"या बहीन, बठा," आप्पा मला म्हणाले. मग गाडीकडे पाहून, "हाई गाडी शे का?" घरातली सगळी पुरुषमंडळी बाहेर आली. भाऊ, पुतणे आणि आप्पांचा मोठा मुलगा. तो मुलगा सटाण्यात दाताचा डॉक्टर आहे आणि आठवड्यातून एकदा नाशिकला येतो. सगळे गाडीभोवती फिरले. कोणी बोटाने बॉनेट घासून पाहिलं, कोणी वाकून तिरप्या नजरेने.

आप्पांनी मला विचारलं, "रोज तुम्हीच चालवतस?"

"रोज. शाळेत जाते."

"मंग खरं सांगा. जावई बाजूले ठेवा."

जावई बाजूलाच उभे होते. हाताची घडी घातलेली, नजर जमिनीवर. मला त्या क्षणी लेक आठवली, जावई दिसत होते, आणि समोर एक माणूस होता ज्याच्या आईने त्याला दगा हे नाव दिलं होतं. मी ठरवलं काहीच नाही. तोंड उघडलं आणि जे होतं ते बाहेर आलं.

"धूळ बसते, पण चिकटून बसत नाही. पावसाळ्यात चिखल पाण्याने निघतो, घासावं लागत नाही. आमच्याकडे द्राक्षाला औषध मारतात, मोरचुदाचे निळे थेंब उडून गाडीवर येतात. पूर्वी ते डाग राहायचे, आता ओल्या फडक्याने जातात. शाळेत चिंचेखाली गाडी असते, तिथे पाखरं काय करतात ते सांगायला नको. तेही निघतं, पण त्याच दिवशी पुसलं तर. बॉनेटवर दगडाचे टवके उडालेत, ते बघा, ते थांबत नाहीत. बोअरचं पाणी वाळलं की पांढरे डाग पडतात. आमचा शाळेचा सेवक रोज सकाळी मायेने कोरडं फडकं मारतो, त्याच्या बारीक रेघा उमटल्यात. आणि दारांवर आता पाणी पळत नाही. पावसाळ्यापासून."

एका पुतण्याने लगेच पाण्याची बादली आणून दारावर ओतली. पाणी पसरलं आणि राहिलं.

आप्पा वैभवरावांकडे वळले. "मरी गयं?"

वैभवराव खाली बसले आणि दारावर तळहात फिरवला. "आप्पा, मेलंय की वर मळ बसून गुदमरलंय, ते मला माहीत नाही. मी बाटलीवरचं वाचून लोकांना तीन वर्षं टिकतं म्हणून सांगत होतो. साफ केल्याशिवाय कळणार नाही. तुमच्याकडे बोअरचं सोडून दुसरं पाणी आहे का?"

शेततळं होतं, पावसाचं पाणी साठवलेलं. बादल्या आल्या. वैभवरावांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. आधी डांबर काढलं, मग साबणाने धुतलं, मग दुसऱ्या पिशवीतून एक बाटली काढून दारांवर फवारली आणि थांबले.

थोड्या वेळाने दारांवरून जांभळे ओघळ वाहायला लागले. निळ्या गाडीच्या अंगातून जांभळाचा रस गळावा तसे. मैनाबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "अग माय!" वैभवरावांनी सांगितलं की हे लोखंड. कारखान्यांच्या हवेतून उडणारी बारीक भुकटी, रात्रभर अंगणात उभ्या गाडीवर बसते आणि रुतते. औषध लागलं की ती विरघळते आणि असा रंग सुटतो. मी त्या ओघळांकडे पाहत राहिले. त्याच हवेत आम्ही झोपतो, पण आमच्यावर फवारून पाहिलेलं नाही.

स्वच्छ पाणी ओतलं. सगळे पुढे झुकले. दाराच्या वरच्या भागावरून पाण्याचे गोळे टणाटण पळाले. पुतणे ओरडले. वैभवराव मात्र हसले नाहीत. ते खाली वाकून बघत होते. दाराच्या खालच्या वीतभर पट्टीवर पाणी तसंच चिकटून होतं. त्यांनी पुन्हा साफ केलं, पुन्हा पाणी ओतलं. पट्टी तशीच.

"वरचं जिवंत आहे," ते म्हणाले. "खालचं गेलं. चाकांनी उडवलेल्या वाळूने घासून गेलं. ते आता परत येणार नाही."

आप्पांनी थोडा वेळ त्या पट्टीकडे पाहिलं. मग स्वतःच्या काळ्या गाडीकडे बोट केलं. "मना गाडीले रोज ह्या बाभळीना काटा लागतस. त्याले काय?"

"ओरखडे येतील, आप्पा. कोटिंग काट्याला थांबवत नाही."

"खडी?"

"नाही."

"मंग माले काय कामनं?"

वैभवरावांनी विचार केला. "तुमच्या वाटेला बाभळी छाटणारा माणूस जास्त कामाचा."

मला वाटलं आता आप्पा भडकणार. पण ते हसायला लागले आणि हसता हसता खोकला लागला. महत्त्वाचं बोलताना आप्पा शुद्ध मराठीवर येतात, बँकेत जाऊन-येऊन लागलेली सवय असावी. ते म्हणाले, "पोरा, तू फक्त हो हो म्हणाला असता तर घरातल्या सगळ्या गाड्या आज तुला दिल्या असत्या. आणि वर्षाने तुला शोधत नाशिकला आलो असतो."

दातांच्या डॉक्टर मुलाने तेवढी आपली गाडी द्यायची म्हटलं. त्याची हायवेवरच असते, उन्हात उभी राहते. "आम्हीपण दातांबद्दल असंच सांगतो," तो म्हणाला, "लेप लावला तरी ब्रश करावाच लागतो." बाकीच्या गाड्यांचा विषय त्यानंतर निघाला नाही. पाच-सहांतली एक गाडी. खरं बोलण्याचा हा भाव मला जरा महाग वाटला.

संध्याकाळी जेवायला फुणके होते. भिजवलेल्या डाळी भरड वाटून, लसूण-मिरची घालून वाफवलेले मुटके. ते ताटात कुस्करायचे, वर कढी आणि कच्चं तेल. सोबत ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी. आमच्याकडे पाहुण्याला पुरणपोळी केली की मान झाला असं समजतात. मैनाबाईंनी सांगितलं, पुरणाचं कोणालाही करतात, फुणके घरच्यांना. वैभवरावांना त्यांनी वाढतच ठेवलं. जावई, मग तो कोणाचाही असो, त्याचं ताट रिकामं दिसता कामा नये अशी तिकडची रीत. मी सख्खी सासू शेजारी बसले होते, पण मला पाणीसुद्धा मागून घ्यावं लागलं.

पानं उचलताना मैनाबाईंनी हळूच विचारलं, "जावईसंगे एकलीच उनी? आमनाकडे नही जात कोनी."

"आमच्याकडेही नाही जात," मी म्हटलं.

"मंग?"

"गाडी माझी होती."

त्यांना ते पटलं.

कळवण, वणी, घर

रात्री मळ्यातच मुक्काम करून दुसऱ्या दिवशी कळवणमार्गे परत आलो. नांदुरीपाशी देवीच्या गडाचे कडे सकाळच्या उन्हात तांबूस दिसत होते, आणि खाली यात्रेकरूंच्या जीपगाड्यांची रांग. त्या प्रत्येक जीपच्या खालच्या पट्टीकडे वैभवराव बघत होते. कडे पाहिले की नाही, शंका आहे.

वणीला वडापाव खाताना मी ठरवलं की आता लेकीचा निरोप द्यायचा. दोन वाक्यं जुळवून ठेवली होती. तेवढ्यात तेच म्हणाले, "आई, तुम्ही काल माझी बाजू घेतली नाहीत."

"नाही घेतली."

"राग आला होता. देवळ्याला तुम्ही मला गाडीत बसवलंत, आणि तिथे जाऊन सगळं सांगून टाकलंत. मला कळेना, तुम्ही कोणाकडून."

मी वडापाव खाली ठेवला. कोणाकडून हे मलाही देवळ्यापासून नीट कळत नव्हतं. "वैभवराव, अश्विनीने मला तुम्हाला समजवायला पाठवलं होतं. नोकरी सोडू नका म्हणून."

"माहीत आहे. तिने मलाही सांगितलंय, आईचं ऐक म्हणून."

आमची मुलगी दोन्ही पक्षांना एकमेकांचे डाव सांगून ठेवते, हे मला त्या दिवशी समजलं. वैभवराव बराच वेळ मिरची तोडत बसले.

"नोकरी एवढ्यात सोडत नाही," ते शेवटी म्हणाले. "आधी ज्यांना ज्यांना तीन वर्षं सांगितलं त्या सगळ्यांना बोलवावं लागेल. दारं बघावी लागतील. जिथे गेलंय तिथे परत करून द्यायचं. त्यातच सगळ्या सुट्ट्या जातील."

"कव्हर घालून ठेवणाऱ्यालाही?"

"त्याला नको. त्याची गाडी मी मरेपर्यंत चांगली राहील."

घरी पोचल्यावर अश्विनी दारातच उभी होती. वैभवराव पिशव्या घेऊन आत गेले तशी तिने मला बाजूला ओढलं.

"समजावलंस?"

"नाही. मी उलटंच केलं. पण नोकरी सोडत नाहीत."

"म्हणजे काय झालं?"

"तूच विचार त्यांना. मला दोन्हीकडून बोलायचा कंटाळा आलाय."

तिने विचारलं असावं. पुढच्या रविवारी मी अंबडच्या शेडवर गेले तेव्हा बाहेर गाड्यांची रांग होती. मालक प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून, आपल्याला फुकटात का बोलावलं याचा संशय घेत होते. वैभवराव आत एका पांढऱ्या गाडीच्या दाराशी. आणि दुसऱ्या दाराशी, हातमोजे घालून, डोक्याला रुमाल बांधून उकिडवी बसलेली अश्विनी. एका हातात टॉर्च तिरपा धरलेला, दुसऱ्यात फडकं. जी मुलगी घरी कधी फरशी पुसत नाही ती.

"इथे गेलंय बघ, वैभव," ती म्हणत होती. "हातभर तरी गेलंय."

मी माझी गाडी शेडच्या तोंडाशी आणून लावली. डांबराने, वाळूने, सटाण्याच्या सगळ्या रस्त्याने झिजलेली ती पट्टी घेऊन. म्हटलं, सुरुवात तर माझ्यापासूनच झाली आहे, पहिला हक्क माझा.

अश्विनीने टॉर्च माझ्याकडे वळवला. "आई, मागे घे. रांगेच्या शेवटी."

"अगं, मी सासू आहे."

"म्हणूनच. घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसतात."

वैभवरावांनी मान वर केली नाही, पण त्यांचे खांदे हलताना दिसले. मी गाडी रिव्हर्स घेतली, रांगेच्या शेवटी नेऊन लावली, आणि एका संशयी मालकाच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. त्याने मला हळू आवाजात विचारलं, "काय हो, तुमच्या गाडीत काय बिघाड निघालाय?"

"बिघाड काही नाही," मी म्हटलं. "गाडी रोज वापरते एवढंच."